ऊसबिल येईपर्यंत थांबलं तर चालेल का?

पत्र असं आहे:

‘ताई, नमस्कार. आम्ही शिरोळ तालुक्यातले. धाकटा भाऊ २८ वर्षांचा, गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. मे महिन्यात ताप जाईना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. कोल्हापुरात दाखवलं तर ब्लड कॅन्सर निघाला, एएमएल. पुण्यात पहिली केमो झाली. मध्येच फुप्फुसात बुरशी झाली. पोरगं हातचं जातंय असंच वाटलं होतं, पण त्यातनं वाचला. आता बोन मॅरोचा रिपोर्ट क्लिअर आहे. जेवतो, हिंडतो. डॉक्टर म्हणतात सप्टेंबरात बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट करायचं, कारण गुणसूत्रांच्या तपासणीत मोनोसोमी ७ आलंय. पेशी द्यायला बहिणीचं पूर्ण जुळलंय, पण तिचं लग्न डिसेंबरात ठरलंय. सासरच्यांच्या कानावर गेलं तर ठरलेलं मोडेल अशी आईला धास्ती. वडील म्हणतात, चांगलं हिंडतंय पोरगं, कशाला पुन्हा मरणाच्या दारात न्यायचं? लग्न होऊ दे, ऊस जाऊ दे, बिल आलं की फेब्रुवारीत बघू. आमच्या गल्लीतले एक काका ब्लड कॅन्सरवर रोज एक गोळी घेऊन बारा वर्षं ठणठणीत आहेत. एका गुरुजींनी तर पेशी काढून ठेवल्यात आणि ट्रान्सप्लान्ट पुढं ढकललंय. डॉक्टरांनीही बुरशीमुळं एकदा तारीख महिनाभर पुढं नेलीच की. मग आम्ही चार-पाच महिने थांबलो तर बिघडतं कुठं? आणि ट्रान्सप्लान्टनंतर काय काय होतं ते खरं खरं सांगा, लपवू नका. – एक थोरला भाऊ’

दादा, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. लग्नासाठी आणि ऊसबिलासाठी थांबू नका. भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून त्यांची घाई मला रास्त वाटते. वडिलांची भीतीही खोटी नाही, तिच्याकडे मी येणार आहे.

तुमच्या पत्रात ‘क्लिअर’ हा शब्द आहे. सगळा घोळ त्या एका शब्दात आहे. रिपोर्टात रेमिशन लिहितात तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली बोन मॅरोत कॅन्सरच्या कच्च्या पेशी पाच टक्क्यांपेक्षा कमी दिसल्या आणि रक्ताची मोजणी पुन्हा वर आली, एवढाच त्याचा अर्थ. आजार पकडला जातो तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सर पेशी असतात. रेमिशन आल्यावरही त्यातल्या शंभर कोटींच्या आसपास शिल्लक असू शकतात आणि तरी रिपोर्ट स्वच्छ दिसतो. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हरळी वेगळी सांगायला नको. वरून खुरपली की रान कसं मोकळं दिसतं. मुळं खाली तशीच असतात आणि एका पावसात पुन्हा सगळीकडे पसरतात. एमआरडी नावाची तपासणी या उरलेल्या मुळांचा माग काढते. ती झाली का, काय आली, हे डॉक्टरांना विचारा.

मोनोसोमी ७ म्हणजे कॅन्सर पेशींत सातव्या गुणसूत्राच्या जोडीतलं एक हरवलेलं असतं. एएमएलच्या जोखमीचे तीन गट करतात, त्यात हे वाईट गटात बसतं. या गटात नुसत्या केमोवर आजार परत येण्याची शक्यता फार मोठी असते, आणि परत आलेला आजार पहिल्यासारखा औषधाला दाद देत नाही. दुसऱ्यांदा रेमिशन मिळेलच याचा भरवसा नसतो. मिळालं तरी तोवर शरीर खचलेलं असतं. म्हणून या गटात पहिलं रेमिशन मिळालं की एक-दोन केमोच्या फेऱ्या देत देत दात्याच्या तपासण्या उरकायच्या आणि साधारण दोन-तीन महिन्यांत ट्रान्सप्लान्टला न्यायचं, असा प्रयत्न असतो. मधल्या फेऱ्या हा नुसता पूल आहे, त्यावर मुक्काम करता येत नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबायचं तर आणखी फेऱ्या द्याव्या लागतील, आणि प्रत्येक फेरीत पांढऱ्या पेशी शून्याकडे जाणार. ज्या फुप्फुसात एकदा बुरशी झाली ते तेव्हा पुन्हा उघडं पडणार.

मग गल्लीतल्या काकांचं काय? ‘ब्लड कॅन्सर’ हे एक नाव आहे, आजार अनेक आहेत. रोज एक गोळी घेऊन बारा वर्षं ठणठणीत म्हणजे काकांना बहुधा सीएमएल, म्हणजे हळू वाढणारा वेगळा ब्लड कॅन्सर असणार. इमॅटिनिब ही त्याची गोळी २००१ साली आली आणि त्या आजाराचं चित्रच पालटलं. त्याआधी सीएमएलच्या तरुण रुग्णालाही ट्रान्सप्लान्टच सुचवायचे, आज क्वचितच लागतं. गुरुजींना मायलोमा, म्हणजे बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर असावा. त्यात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी काढून गोठवतात, मेल्फालान या केमोचा मोठा डोस देतात आणि मग त्या परत सोडतात. तिथे पेशी वेळेत काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण लेनालिडोमाइडसारखी गोळी फार महिने चालली की पेशी नीट निघत नाहीत. काढून ठेवल्या की ट्रान्सप्लान्ट लगेच करायचं की आजार डोकं वर काढेल तेव्हा, यावर मोठे अभ्यास झालेत. लगेच केल्यानं आजार जास्त काळ दबून राहतो, पण एकूण आयुष्यात ठळक फरक त्या अभ्यासांत दिसला नाही. म्हणून गुरुजी डॉक्टरांशी बोलून थांबू शकतात. एएमएलमध्येसुद्धा चांगल्या जोखमीच्या गटातल्या रुग्णाला पहिल्या रेमिशनमध्ये सहसा ट्रान्सप्लान्ट देत नाहीत, कारण त्याच्यासाठी ट्रान्सप्लान्टचा धोका आजाराच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो. तुमच्या भावाचं पारडं उलटं आहे.

डॉक्टरांनी तारीख पुढं नेली आणि तुम्ही न्यायची म्हणता, या दोन गोष्टी एका मापानं मोजू नका. बुरशी फुप्फुसात जिवंत असताना ट्रान्सप्लान्ट करणं म्हणजे गंजीत विस्तव ठेवून वर पेंढा रचणं. तो महिना त्यांनी व्होरिकोनाझोलसारखं औषध देऊन, पुन्हा सीटी स्कॅन करून, धोका कमी करण्यात घालवला. तुमच्या थांबण्यानं भावाचा कुठलाच धोका कमी होत नाही, उलट वाढतो. एकदा बुरशी झाली म्हणून ट्रान्सप्लान्ट होतच नाही असंही नाही. ती आटोक्यात असली की औषध चालू ठेवून पुढे जातात. फक्त हे औषध टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी वाढवतं, म्हणून त्यांचे डोस रक्त तपासून बसवावे लागतात.

आता बहिणीविषयी. मला वाटतं तुमच्या घरात खरी अडचण इथंच आहे.

तिच्या अंगातून काय काढणार? चार-पाच दिवस जी-सीएसएफचं इंजेक्शन देतात, त्यानं हाडांतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये घेऊन पेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. चार-पाच तासांचं काम, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. इंजेक्शनमुळे कंबर-हाडं ठणकतात, डोकं दुखतं, ते काही दिवसांत थांबतं. पेशी पुन्हा तयार होतात. तिची ताकद कायमची जात नाही, मूल होण्यात अडचण येत नाही. हे तिच्या सासरच्यांना समजावायचं असेल तर पुण्याच्या डॉक्टरांसमोर बसवा. लपवून ठेवलेली गोष्ट वाईट वाटते, उघड सांगितलेली तेवढी वाटत नाही. आणि एक गोष्ट आईच्या लक्षात आलेली नसणार. लग्नानंतर ती गरोदर राहिली तर त्या काळात तिच्या पेशी घेता येणार नाहीत. बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या पेशी पुरुषाला दिल्या तर पुढे जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या अंगावर उलटणं) हा त्रास जरा जास्त होतो, असंही दिसून आलं आहे. म्हणजे बहिणीच्या लग्नासाठी थांबलात तर दाताच हातून निसटायची पाळी येऊ शकते. सप्टेंबरात पेशी दिल्या तर डिसेंबरात ती बिनघोर बोहल्यावर चढेल.

पण तिला विचारलंय का कुणी? तुमच्या पत्रात आई आहे, वडील आहेत, सासरचे आहेत. तिचं म्हणणं कुठेच नाही. तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या, शक्यतो भावावर उपचार न करणाऱ्या वेगळ्या डॉक्टरांशी. नाही म्हणायचा तिला हक्क आहे. आणि ती हो म्हणाली तर आजच घरात ठरवून ठेवा की पुढे काही बिनसलं तरी ‘तुझ्याच पेशींनी असं केलं’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून येणार नाही. असली वाक्यं मी ऐकली आहेत. बोलणारा दोन दिवसांत विसरतो. ऐकणारी ते वाक्य जन्मभर सोबत वागवते.

दोन छोट्या गोष्टी. रक्तगट वेगळा असला तरी चालतं. पुढे भावाचा रक्तगट बहिणीचा होतो, त्याला घाबरू नका. आणि तोवर त्याला रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर बहिणीच्या, घरच्यांच्या देऊ नका, रक्तपेढीतून घ्या.

एक प्रश्न मात्र डॉक्टरांना मुद्दाम विचारा. इतक्या तरुण वयात मोनोसोमी ७ आलं की कधी कधी त्यामागे घराण्यात चालत आलेला जनुकीय दोष असतो, जीएटीए२ नावाच्या जनुकाचा. तसं असेल तर तोच दोष बहिणीतही असू शकतो, आणि मग तिच्या पेशी घेणं योग्य नाही. तपासणी बहुधा झाली असेल. पण विचारायला संकोच करू नका. तसं निघालं तरी दार बंद होत नाही. नोंदणी केलेल्या अनोळखी दात्याच्या पेशी घेता येतात. किंवा आई-वडिलांपैकी दोष नसलेल्या एकाच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी घेऊन, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन करायची पद्धत आता रुळली आहे.

भावाच्या बायकोशी कुणी बोललंय का? ट्रान्सप्लान्टच्या आधीच्या मोठ्या केमोनं मूल होण्याची क्षमता बहुधा जाते. वीर्य गोठवून ठेवायचं ते खरं तर पहिल्या केमोआधी. आता एक केमो होऊन गेली आहे, तरी काय करता येईल ते या आठवड्यात विचारा. हे बोलायला घरात सगळे लाजतात, आणि नंतर त्या दोघांना ते सलत राहतं.

आता वडिलांची भीती. ते म्हणतात, मरणाच्या दारात न्यायचं. दादा, ट्रान्सप्लान्टमध्ये माणसं दगावतात, हे मी लपवणार नाही. काही जण आजारानं नाही, तर ट्रान्सप्लान्टच्या त्रासानं जातात. हा धोका ठाऊक असूनच डॉक्टर सप्टेंबर म्हणतायत, कारण दुसऱ्या बाजूचा धोका त्याहून मोठा आहे.

पहिले दोन-तीन आठवडे असे जातात. आधीच्या केमोनं तोंड सोलून निघतं, थुंकी गिळवत नाही, जुलाब लागतात, केस पुन्हा जातात. पांढऱ्या पेशी शून्य, ताप येतो, अँटिबायोटिक चालू. यकृताच्या बारीक शिरा तुंबू शकतात. तेव्हा वजन अचानक वाढतं, पोट फुगतं, उजव्या बरगडीखाली दुखतं. म्हणून तिथे रोज सकाळ-संध्याकाळ वजन करतात, त्याला कंटाळू नका. मग एक दिवस मोजणीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पाचशेच्या वर दिसतात, सलग तीन दिवस टिकतात, आणि डॉक्टर सांगतात, पेशी रुजल्या.

इथं घरचे पेढे वाटतात. वाटा. पण रुजलेल्या पेशी बहिणीच्या आहेत, आणि भावाचं अंग त्यांना परकं घर वाटतं. त्या त्याच अंगावर हल्ला करू लागतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. पूर्ण जुळलेल्या सख्ख्या बहिणीच्या पेशींतही हे होऊ शकतं. पहिल्या महिन्यांत ते तीन ठिकाणी दिसतं: कातडी, आतडं आणि यकृत. तळहात-तळपाय लाल होणं, अंगावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं, ‘उन्हानं झालं असेल’, ‘मिसळ बाधली असेल’ म्हणत थांबायचं नाही. वेळेत स्टिरॉइड मिळालं तर बऱ्याच जणांचं आटोक्यात येतं. पुढे काही महिन्यांनी जुनाट रूप येऊ शकतं: डोळे कोरडे, तोंडात जळजळ, कातडी ताठ, चालताना धाप. धाप हलक्यात घेऊ नका, त्यासाठी फुप्फुसाची तपासणी लागते.

मग या पेशी आणायच्याच कशाला? कारण ज्या पेशी अंगावर उलटतात त्याच उरलेली हरळी मुळासकट उकरून काढतात. ट्रान्सप्लान्टचा खरा फायदा यातच आहे. डॉक्टरांची सगळी कसरत या दोन्हींचा तोल सांभाळण्याची असते, आणि आजार कमीत कमी असताना ट्रान्सप्लान्ट केलं तर त्या पेशींना काम पेलतं.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात तोवर जुने विषाणूही जागे होतात. सीएमव्ही बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो, म्हणून त्याची तपासणी ठरावीक दिवसांनी होत राहते. लहानपणच्या लसींचं संरक्षण पुसलं जातं, त्या काही महिन्यांनी पुन्हा घ्याव्या लागतात. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षं तरी नाहीत. आजार परत यायचा तर तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांतच येतो.

पहिले शंभर दिवस पुण्यातच राहा, हॉस्पिटलच्या जवळ खोली घेऊन. पाहुणे नकोत. हा हट्ट मी का धरते ते सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझा एक रुग्ण सत्तराव्या दिवशी ‘आता बराय’ म्हणून गावी आला होता. महामार्ग बंद झाला, गोळ्या संपल्या, रात्री थंडी वाजून ताप. तिसऱ्या दिवशी बोटीतून गोळ्या पोचल्या. तो वाचला, पण ते तीन दिवस त्याच्या आईनं कसे काढले ते मी फोनवर ऐकत होते. तुमचं शिरोळ कृष्णा-पंचगंगेच्या तोंडावर. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर तुमच्या दारात आले असतील. आता महिने मोजून बघा. सप्टेंबरात ट्रान्सप्लान्ट झालं तर शंभर दिवस डिसेंबर-जानेवारीत भरतात, आणि पुढचा पावसाळा लागेपर्यंत आठ-नऊ महिने उलटलेले असतील. सगळं सुरळीत असेल तर गोळ्याही उतरत आलेल्या असतील. फेब्रुवारीत केलं तर शंभरावा दिवस मेमध्ये, आणि तो घरी येतो न येतो तोच नदी चढायला लागेल. घरी आल्यावर गोठा, शेणखत, गुऱ्हाळाचा धूर, धुळीचं बांधकाम यांच्या जवळही त्याला फिरकू देऊ नका. बुरशी तिथंच असते. लग्नाला तो येणार नाही. मांडवातल्या गर्दीत नव्वदाव्या दिवशीचं माणूस नेत नाहीत. तो फोनवर अक्षता बघेल, बहिणीला हे आधीच सांगून ठेवा.

राहिला पैसा. वडील ऊसबिलाचं म्हणतात ते सबब म्हणून नाही, हे मला समजतं. उद्याच हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. तारीख घातलेलं खर्चाचं अंदाजपत्रक घ्या, कारण मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि पंतप्रधान मदत निधी दोन्हीकडे तो कागद लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला दिवस जातात, तो आजच टाका. आणि सगळी रक्कम ॲडमिशनवरच संपवू नका. नंतरच्या गोळ्या, तपासण्या, एखादं पुन्हा भरती होणं यासाठी वेगळे ठेवा. जानेवारीत येणारं ऊसबिल त्यालाच उपयोगी पडेल.

पुण्याला जाताना वडिलांना सोबत न्या. तुम्ही घरी येऊन सांगितलेलं त्यांना पटणार नाही. डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या, ‘नाही केलं तर काय होईल?’ बहिणीला वेगळ्या खोलीत तिच्या डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. खिशात थर्मामीटर आतापासूनच ठेवा. केमोच्या काळातही १००.४ च्या वर ताप गेला की सकाळची वाट न बघता, रात्री कितीही वाजलेले असोत, डॉक्टरांना फोन लावायचा.